लाल ठिपक्यांचा बाक

मला तिसरा लाल ठिपका मिळाला तो चवळीमुळे.

आदल्या संध्याकाळची उकडलेली चवळी, त्यात बारीक चिरलेला कांदा, वरून लिंबू. सोबत पावाचे दोन जाड तुकडे, अर्धं गाजर आणि एक केळं. डबा म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा डबा; झाकणावरची स्ट्रॉबेरी घासून घासून फिकट झालेली. मी तेव्हा सहावीत होते. वर्गबाईंनी झाकण उघडलं, हातातला तक्ता बघितला आणि माझ्या नावापुढे ठिपका चिकटवला.

"उद्यापासून मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसायचं हं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

त्या वर्षी शाळेनं एक आहारतज्ज्ञ मॅडम नेमल्या होत्या. त्यांनी प्रत्येक वर्गात एक चकचकीत तक्ता लावला. डबा पाच कप्प्यांचा हवा. पाच कप्प्यांत पाच रंग हवेत. बदाम, चीज, निळी-जांभळी छोटी फळं. ती फळं मी तोवर फक्त त्या तक्त्यावरच पाहिली होती. आदल्या दिवशीचं उरलेलं चालणार नाही, उग्र वासाचं चालणार नाही. सगळं जमलं तर हिरवा ठिपका, अर्धवट जमलं तर पिवळा, नाहीच जमलं तर लाल. तीन लाल झाले की मुलानं वर्गात डबा खायचा नाही, व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन खायचा. का, तर "इतर मुलांना चुकीच्या सवयी लागू नयेत म्हणून."

घरी हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण माझा धाकटा भाऊ पहिलीत होता आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याला आम्ही ढब्बू म्हणायचो. आत्या दारात चपला काढत होती तेवढ्यात त्यानं बातमी फोडली.

"आत्या, ताईला शिक्षा झाली! चवळीची!"

आत्या शहर बस चालवायची. बाबा मालाचा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असत आणि आई वारल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ती गेली त्या महिन्यात आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि परत गेलीच नाही. "सगळं घरच चाकावर आहे, एखाद्यानं तरी ब्रेक लावायला नको का?" असं ती म्हणायची. अंगानं सडपातळ, पण आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस टुणकन उठावा.

तिनं हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्या दप्तरातली शाळेची चिठ्ठी स्वतःच काढून वाचली. दोनदा वाचली.

"म्हणजे चवळी ही चुकीची सवय," ती म्हणाली.

"कांद्याचा वास येतो म्हणून," मी म्हटलं. "आणि ती कालची होती. आणि आपला डबा तसला आहे."

"कसला?"

मी दप्तराचा पट्टा ओढत राहिले.

"लाज वाटते तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आत्यासमोर खोटं बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. "हो," मी म्हटलं. "वाटते. सगळ्यांकडे कप्प्यांचे डबे आहेत. मला एक घेऊन दे. त्यात काय एवढं?"

ती माझ्यावर चिडली नाही. स्टुलावर बसली आणि पायाचे पंजे दाबायला लागली. क्लच दाबून दाबून तिचा डावा पाय संध्याकाळी सुजायचा.

"हे बघ," ती म्हणाली. "मी बारा वर्षं गाडी चालवते. सुरुवातीला सकाळी चहा-बिस्किटं खाऊन निघायचे. दीड तासात डोळे जड. एकदा सिग्नलला डुलकी लागली, मागून हॉर्न वाजले तेव्हा जाग आली. गाडीत साठ माणसं होती. त्या दिवसापासून मी काय खाल्लं की किती वेळ जागी राहते याचा हिशोब ठेवला. पाव एकटा खाल्ला तर दोन तास. पावासोबत अंडं असेल तर तीन. चवळी, हरभरा, मसूर असलं काही असेल तर चार तास डुलकीचं नाव नाही. हे मला कुठल्या मॅडमनं शिकवलेलं नाही. माझ्या पोटानं आणि साठ माणसांच्या जिवानं शिकवलंय."

"पण ते तक्त्यात बसत नाही ना!"

"मग तक्ता चुकलाय."

आत्याची डब्याची पद्धत साधी होती. पोट भरणारं एक, ताकदीचं एक, दाताखाली करकरणारं एक आणि गोड एक. रविवारी ती मोठ्या पातेल्यात कडधान्य शिजवायची, थंड करून तीन डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायची. सहा अंडी उकडायची. मंडईत दुपारी उशिरा जायची, कारण तेव्हा वाकडी गाजरं आणि डागाळलेली सफरचंदं निम्म्या भावात मिळत. "गाजर वाकडं असलं तरी त्याचा गोडवा वाकडा नसतो," असं म्हणत ती सफरचंदाचा डाग सुरीनं कापून काढायची आणि फोडींना लिंबू चोळायची, म्हणजे त्या काळ्या पडत नसत. उकडलेला भोपळा कुस्करून पावाला लावायची. ढब्बू त्याला 'पिवळं लोणी' म्हणायचा आणि बोटं चाटायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला काय दिलं? तीच चवळी. कांदा दुप्पट.

मी रडले, पाय आपटले. "तू मुद्दाम करतेस!"

"हो," ती म्हणाली. "मुद्दामच. खा किंवा खाऊ नको, पण लपवू नको."

मधल्या सुट्टीत मी बाकावर गेले तेव्हा तिथे एक मुलगी आधीच बसली होती. पाचवीतली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण तिच्या डब्यात रोज पाव आणि साखर असे. ती दोन आठवडे त्या बाकावर एकटीच बसत होती आणि मी रोज तिच्यासमोरून हात धुवायला जात होते. एकदाही थांबले नव्हते. ते आठवून मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

आणि तेवढ्यात फाटकाशी आत्या दिसली.

तिच्या गाडीचा शेवटचा थांबा शाळेला लागूनच होता. अकरा वीसला गाडी लागायची, अकरा पन्नासला सुटायची. मधला अर्धा तास तिच्या जेवणाचा. रोज ती थांब्यावरच्या शेडमध्ये जेवायची. त्या दिवशी ती खाकी गणवेशात, छातीवर बिल्ला, हातात तिचा डबा, अशी थेट व्हरांड्यात आली आणि माझ्या आणि मुंगीच्या मध्ये बसली. बाक लहान मुलांचा. तिचे गुडघे हनुवटीला लागायला आले.

"सरका जरा," ती म्हणाली आणि डबा उघडला. चवळी.

शिपाईमामा धावत आले. "अहो, पालकांना आत यायची परवानगी नाही!"

"मी पालक म्हणून आलेच नाही मामा. बाकावर कोण बसणार ते शाळेच्याच चिठ्ठीत लिहिलंय. ज्याचा डबा लाल तो बाकावर. बघा माझा डबा. परवा केलेलं आहे, वासही येतोय, कप्पा एकच. आहे ना लाल?"

शिपाईमामांनी डब्यात वाकून बघितलं. "लालच म्हणायचा," ते पुटपुटले आणि मोठ्या बाईंना, आमच्या मुख्याध्यापिकांना, बोलवायला गेले.

तोवर आत्यानं मुंगीच्या डब्याकडे पाहिलं होतं. तिनं नाक मुरडलं नाही, कीव केली नाही. "माझ्याकडे चवळी जास्त झालीय," ती म्हणाली. "तुझ्या पावाचा एक तुकडा दे, मी तुला चवळी देते. सौदा?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं पावाचा तुकडा पुढे केला, चवळी घेतली आणि इतक्या वेगानं खाल्ली की आत्यानं तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं.

मोठ्या बाई आल्या तेव्हा अकरा पंचेचाळीस झाले होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"जेवण," आत्या म्हणाली. "आता गाडी सुटायची वेळ झाली. उद्या बोलू. मी येणार आहेच."

आणि ती आली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढचा अख्खा आठवडा. पहिले दोन दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलं खिडकीतून बघून हसत होती, एकानं 'भोंऽऽ' असा बसचा हॉर्न वाजवला. आत्यानं त्याच्याकडे बघून त्याहून मोठा हॉर्न वाजवला, तोंडानंच. व्हरांडा दणाणला. तो पोरगा दचकून मागे पडला आणि मला कितीतरी दिवसांनी खळखळून हसू आलं. त्यानंतर माझी लाज कमी होत गेली. एकदम गेली नाही, पण रोज थोडी थोडी.

चौथ्या दिवशी फाटकाबाहेर मुंगीची आई उभी होती. ती इस्त्रीच्या दुकानात कामाला होती, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. तिला वाटलं होतं की आत्या तिला दोन शब्द सुनावणार.

"मला सकाळी सहाला निघावं लागतं ताई," ती आधीच म्हणाली. "स्वयंपाकाला वेळच नसतो."

"मला पाचला निघावं लागतं," आत्या म्हणाली. "सकाळी कोण करतंय? इस्त्री तापलेली असते तेव्हा दुकानात पाणी उकळायला कुठे ठेवता?"

"शेगडी आहे."

"मग दुपारीच एक पातेलं मसूर लावायचे. तुम्ही इस्त्री करा, ते आपोआप शिजतात. मीठ शेवटी. संध्याकाळी घरी न्यायचे, तेच रात्री जेवायला, तेच सकाळी डब्यात. पावावर साखरेऐवजी केळं कुस्करून लावा, गोडही लागतं आणि पोटालाही आधार देतं."

असं ती फाटकाच्या गजांतून बोलत होती आणि मुंगीची आई बोटांवर मोजत लक्षात ठेवत होती. दुसऱ्या दिवशी गजापलीकडे तीन बायका होत्या. त्यांच्यात एक बाप्याही होता, रंगकाम करणारा, हातांना पांढरा रंग लागलेला. त्यानं विचारलं, "पोरगं भाजीला शिवत नाही, काय करू?" आत्या म्हणाली, "त्याच्यासमोर तुम्ही खाता का?" तो ओशाळून हसला.

मग मोठ्या बाईंनी आत्याला खोलीत बोलावलं. मलाही. आहारतज्ज्ञ मॅडम तिथे होत्या, वर्गबाई कोपऱ्यात उभ्या होत्या.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा विरोध नेमका कशाला आहे? मुलांनी चांगलं खावं हेच तर मी सांगते."

"चांगलं खावं याला कोण नाही म्हणतंय?" आत्या म्हणाली. "तुमच्या तक्त्यातलं बदामातलं ते काय असतं ते माझ्या हरभऱ्यात आहे की नाही? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा."

मॅडम म्हणाल्या, "प्रथिनं... हो, आहेत."

"चीजमधलं अंड्यात?"

"बरंचसं."

"मग माझ्या पोरीला ठिपका कशाचा दिलात? खाण्याचा की डब्याचा?"

आणि मग ज्यांच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, त्या वर्गबाई बोलल्या. "एक सांगू का? जेवणानंतरच्या तासाला माझा अर्धा वर्ग पेंगतो. हिरव्या ठिपक्याची मुलंही पेंगतात, कारण त्यातली निम्मी ते कप्पे तसेच बंद करून घरी नेतात. ही पेंगत नाही. गणित सोडवत बसते."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा कोपऱ्यात चिकटल्या. मग मोठ्या बाई आत्याकडे वळल्या. स्वर गोड झाला.

"हे बघा, आपण ताणून कशाला धरायचं? तुमच्या भाचीचा डबा मॅडमनी आत्ता मान्य केलाच आहे. तिचे लाल ठिपके मी काढून टाकते. उद्यापासून तिनं वर्गात बसावं. तुम्हीही उगाच त्रास घेऊन येऊ नका. झालं?"

मला वाटलं, जिंकलो. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"बाकावर ही बसते," ती म्हणाली. "हिलाच विचारा."

मोठ्या बाई हसल्या. "काय गं? आनंद झाला ना?"

मला झाला होता. खरंच सांगते, अगदी जिभेवर 'हो' आलं होतं. पण त्या 'हो'च्या आड मुंगी बसली होती, माझ्या हात धुवायच्या वाटेवर, दोन आठवडे एकटी.

"मुंगीचे ठिपके पण काढणार का?" मी विचारलं.

"तिचं वेगळं आहे. प्रत्येकाचं वेगवेगळं बघावं लागतं."

"तिच्या डब्यात आता मसूर असतात. आणि नसते तरी..." मला पुढचं नीट मांडता येईना. "नसते तरी तिला बाहेर का बसवायचं? जिच्याकडे कमी आहे तिला तर आत बसवायला पाहिजे. शेजारच्याचं तरी मिळेल."

"बाळ, हे तुला कळायचं वय नाही."

"मग मी बाकावरच बसते," मी म्हटलं.

आम्ही बाहेर आलो. गाडी सुटायची वेळ झाली होती, आत्या जवळजवळ पळतच निघाली. फाटकाशी वळून तिनं मला नुसता हात केला, रस्त्यावर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला करतात तसा.

याची किंमत तिला मोजावी लागली. शाळेकडून डेपोला पत्र गेलं: आपली चालक गणवेशात शाळेच्या आवारात येऊन शिस्त बिघडवते. तो अर्धा तास तिच्या हक्काचा होता, गाडी एक मिनिटही उशिरा सुटली नव्हती. पण डेपोच्या साहेबांना डोक्याला ताप नको होता. त्यांनी तिचा मार्ग बदलला. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, पहाटे साडेचारला हजर व्हायचं, जेवणाची सुट्टी धुळीच्या एका नाक्यावर.

"माफीचं पत्र दिलंस तर जुना मार्ग परत देतो म्हणाले," तिनं आम्हाला सांगितलं.

"मग?" ढब्बूनं विचारलं.

"मग काय! म्हटलं, नवीन रस्ता बघून घेते."

ती नसलेल्या पहिल्या दिवशी मी एकटीच बाकाकडे निघाले. आत्या शेजारी असताना शूर होणं सोपं होतं. बाकावर मुंगी होती. मी बसले, डबा उघडला. अंडं, काकडी, पाव, पेरूच्या फोडी.

रंगकाम करणाऱ्याचा मुलगा आला. त्याचा एकच लाल ठिपका होता, त्याला यायची गरजच नव्हती. "सरका," तो म्हणाला. मग माझ्या वर्गातल्या दोघी आल्या, त्यांतली एक हिरव्या ठिपक्यांची राणी. ती तिचा पाच कप्प्यांचा डबा घेऊन सरळ जमिनीवर बसली. "मला बदामाचा वीट आलाय," ती म्हणाली. "कुणाला हवेत? मला ते मसूर द्या." मी सांगते, त्या व्हरांड्यात बदामांना तेव्हा मसुरांपेक्षा कमी भाव आला होता.

आठवडाभरात तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. मोठ्या बाई दोनदा येऊन ओरडल्या. मुलं उठायची आणि त्या गेल्या की परत बसायची. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा वर्गबाई मुलांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या, हातात स्वतःचा डबा. त्या उठल्या नाहीत. घास चावत राहिल्या. मान खाली होती, पण उठल्या नाहीत. मोठ्या बाई आल्या तशा निघून गेल्या.

नियम रद्द झाल्याची सूचना कधीच आली नाही. माफी तर लांबच. फक्त एका सोमवारी वर्गबाईंनी डबे बघितले नाहीत, सरळ म्हणाल्या, "चला, जेवून घ्या." महिन्याभरानं आहारतज्ज्ञ मॅडमनी नवीन तक्ता लावला. त्यावर चवळी, मसूर, अंडी, मोसमातली फळं आणि खाली एक ओळ: 'नीट झाकून ठेवलेलं आदल्या दिवशीचं अन्न चालेल.' आत्याला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हुशार बाई आहे. शिकते."

जुना मार्ग मात्र तिला परत मिळाला नाही. पहाटे चारला ती घराबाहेर पडायची, त्यामुळे सकाळचे डबे माझ्या गळ्यात पडले. पहिल्या दिवशी मी अंडी इतकी उकडली की पिवळ्याभोवती हिरवी कडा आली, आणि हरभऱ्यात मीठ टाकायचं राहिलं. ढब्बूनं कुरकुर केली.

"मग तूही कर," मी म्हटलं आणि त्याच्या हातात गाजर आणि सोलणं दिलं. तो पहिलीतला, त्यानं निम्मं गाजर सालासकट सोलून टाकलं. उरलेलं मी तिघांत वाटलं: एक त्याचा डबा, एक माझा आणि एक आत्याचा. आत्याचा डबा मी शाळेत जाताना चार नंबरच्या बसच्या कंडक्टरकाकांकडे दिला, ते त्या टोकाच्या नाक्यावरून जात. संध्याकाळी डबा रिकामा परत आला. झाकणाच्या आत तिकिटाच्या कागदाचा तुकडा होता, त्यावर आत्याचं गिचमिड अक्षर:

'मीठ नव्हतं. सगळं खाल्लं. उद्या लिंबू जास्त घाल.'